समाधानची पिवळी टेप

वायरी नंतर गुंडाळा रे. बसा. बटणाला हात लावण्याआधी हे ऐका. माझ्या ओळखीच्या माणसावर गुदरलेली गोष्ट आहे, बिबवेवाडीतल्या लायटिंगवाल्या उत्तरेश्वरवर.

२२ मे २०२४, बुधवार. दुसऱ्या दिवशी बुद्ध पौर्णिमा. उत्तरेश्वर दुपारीच तपकीर गल्लीत जाऊन दिव्यांच्या पट्टीचं नवं रीळ घेऊन आला. विहाराच्या कमानीवर रंग पळवायचे होते.

ही पट्टी साध्या माळेसारखी नसते. एक छोटं कंट्रोलरचं कार्ड पहिल्या दिव्याला निरोप देतं. तो आपल्यापुरतं ठेवून घेतो, उरलेलं पुढच्याला देतो. मधल्या एकानं निरोप अडवला, की त्याच्या पुढचे सगळे मुके.

कार्डात प्रोग्रॅम होता समाधानचा. समाधान त्याचा भागीदार. बारावी नापास, पण मोबाइलवर बघून बघून शिकलेला. कथिलानं जोड दिला की त्यावर पिवळी टेप मारायचा आणि तिचं टोक दुमडून ठेवायचा. "पुढच्या माणसाला सोडवताना नख मोडायला नको," म्हणायचा.

दोघांचा एक रिवाज होता. खालचा विचारणार, "देऊ का?" वरचा "दे" म्हणाला, तरच बटण दाबायचं.

दोन वर्षांपूर्वी, याच कमानीवर, समाधान शिडीवरून सप्लायच्या पेटीत मेनची वायर कसत होता. खालून बटण दाबलं गेलं. समाधान खाली आला तो संपलेलाच.

"मी विचारलं होतं. तोच 'दे' म्हणाला," उत्तरेश्वरनं सगळ्यांना सांगितलं. पोलिसांना, कमिटीला. समाधानच्या बायकोला, जयालाही.

जया दर पौर्णिमेला भेटली की विचारायची, "भाऊजी, खरंच 'दे' म्हणाले ते?"

"हो वहिनी."

तेव्हापासून उत्तरेश्वर एकटाच काम करायचा. कोणाला काही विचारायचा प्रश्नच नव्हता.

तर त्या बुधवारी पट्टी चढवून झाली. रात्री अकरा वाजता त्यानं बटण दाबलं. दिवे पळाले... आणि बासष्टाव्याला थांबले. सप्लायच्या पेटीच्या अगदी बगलेला.

कमिटीचे रामदास कांबळे गेटला कुलूप लावत होते. "उत्तरेश्वर, पौर्णिमा उद्या आहे. पुढच्या वर्षीची नाही," म्हणाले आणि घरी गेले.

त्यानं मीटर लावला. शेवटच्या टोकापर्यंत पाच व्होल्ट बरोबर. ग्राउंड जोडलेलं. पट्टीवरचे दिशेचे बाण सरळ. मग बासष्टावा कापला, नवा जोडला, वर काळी टेप मारली. त्याच्याकडे काळीच होती.

बटण. बासष्टाव्यावरच थांबले.

एकसष्टावा बदलला. त्रेसष्टावा बदलला. मग अख्खी पट्टी उतरवून रिळातली दुसरी चढवली. तीही बासष्टाव्यालाच थांबली, म्हणून तिलाही तिथेच काळ्या टेपचा जोड दिला. कार्ड नि पट्टी घरी नेऊन टेबलावर लावून पाहिली, तर शेवटपर्यंत पळाली. कमानीवर आणली... बासष्ट.

दोन वाजून वीस मिनिटं. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. तो शिडीवरून उतरला, बटणावर बोट ठेवलं, आणि जुनी सवय आपोआप जिभेवर आली.

"देऊ का?"

स्वतःचाच आवाज ऐकून तो दचकला.

काही नाही.

मग शिडी करकरली. वरची पायरी. माणूस एका पायावरून दुसऱ्या पायावर भार घेतो ना... तशी.

वर कोणी नव्हतं. चांदणं लख्ख होतं. कोणीच नव्हतं.

"थांब."

हळू आवाज. रागावलेला नाही. कामात असलेला माणूस म्हणतो तसा.

उत्तरेश्वर थांबला.

तीन वाजले. चार. बोट बटणावरून हलेना. पुन्हा विचारायचा धीर नाही... पळायचाही नाही. वर अधूनमधून पायरी करकरायची. बस.

साडेपाचला रामदास आले. मागून जया, पांढऱ्या साडीत, फुलांची परडी घेऊन.

"जय भीम. अरे, लाव की लायटिंग!"

"वर माणूस आहे," उत्तरेश्वर म्हणाला. "थांब म्हणालाय."

"रात्री काही घेतलंस का रे?"

जया मात्र तिथेच थबकली. शिडीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आणि त्या दिवशी, भाऊजी? त्या दिवशी काय म्हणाले होते?"

त्यानं बटणावरचं बोट काढलं.

"भाऊजी."

"काही नाही म्हणाले, वहिनी. मी... विचारलंच नव्हतं. घाई होती. मी दाबलं."

रामदासांनी मान खाली घातली. जया रडली नाही. परडी खाली ठेवली.

"दोन वर्षं मी त्यांच्या फोटोशी भांडले," ती म्हणाली. "पोरं पदरात असताना 'दे' कसं म्हणालात, म्हणून. रोज भांडले. मेलेल्या माणसाला रोज बोल लावला मी."

"वहिनी, मला—"

"बोलू नका."

ती शिडीपाशी गेली. वर बघून, घरात बोलावं तसं म्हणाली, "अहो... उतरा आता."

एक पायरी करकरली. मग खालची. मग तिच्या खालची. सगळ्यात शेवटची.

मग काहीच नाही.

जयानं परडी उचलली. उत्तरेश्वरकडे न बघता म्हणाली, "द्या." आणि विहारात निघून गेली. त्यानंतर ती त्याच्याशी कधीही बोलली नाही.

त्यानं बटण दाबलं. एकसष्ट... बासष्ट... त्रेसष्ट... दिवे कमानीच्या पार टोकापर्यंत धावले.

त्यानं बटण बंद केलं आणि शिडी चढला. बासष्टाव्या दिव्याच्या जोडावरची काळी टेप नव्हती. तिथे पिवळी होती. टोक नीट दुमडलेलं.

त्यानं बोट लावलं. आतलं कथील अजून गरम होतं.