दूध डेअरीच्या फळ्यावरचे शब्द

जया गेल्याचा फोन आला तेव्हा मी डेअरीवर होतो. रात्रभर नगरच्या दवाखान्यात तिच्याजवळ बसलो होतो, गावकऱ्यांचं सकाळचं दूध मोजून घेण्यापुरता गावात आलो होतो. फोन तिच्या भावाचा होता. रांगेतल्या भागूबाईंनी माझ्या हातातली किटली काढून घेतली. "जा आदिनाथ. दूध मी बघते."

पण जयाची गोष्ट मला रडत सांगायची नाही.

ती कोपरगावची. राहुरीच्या पुढं, मुळा धरणाकडच्या आमच्या गावी हायस्कूलला इंग्रजी शिकवायला आली. एका सकाळी ती दूध घ्यायला उशिरा आली. गर्दी सरली होती. मी भाकरी-ठेचा खात बसलो होतो. ती काही बोलेना, नुसती भाकरीकडे बघत उभी...

"काय पाहिजे मॅडम?"

"दूध—" मग हसली. "खोटं कशाला बोलू? मी ग्रोक करत होते."

"म्हंजी?"

"जुना इंग्रजी शब्द आहे. कोणी जेवत असलं की 'या' म्हणेल म्हणून गुपचूप बघत राहायचं. आता तिकडं कोणी वापरत नाही."

"मग आमी वापरतो की. बसा."

ठेच्यानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण भाकरी संपवूनच उठली. जाताना तिनं खडू घेतला आणि फळ्यावर, दुधाच्या भावाखाली, तो शब्द अर्थासकट लिहिला. दुसऱ्या दिवशी भागूबाई कुत्र्याला म्हणाल्या, "सरक तिकडं, ग्रोकू नको."

मग रोजच एक शब्द यायला लागला. मोबाईलवर असले विसरलेले शब्द ती शोधून काढायची, आणि आपल्याकडं त्याला काय म्हणतात ते रांगेतल्यांनी सांगायचं. ती येईपर्यंत मी काहीतरी काम काढून थांबायचो.

"तीच कॅन परत का घासताय?"

"डाग हाय."

"कुठं?"

"घासल्यावर दिसंल..."

"काम केल्याचं सोंग. याला फजेल म्हणतात, आदिनाथराव."

मी दहावी नापास, ती एम. ए. मनातलं ओठांवर येत नव्हतं. तेवढ्यात कळलं, वडील तिला पुण्याचं स्थळ दाखवणार आहेत. दुसऱ्या सकाळी तिनं फळ्यावर 'स्पूनी' लिहिलं आणि रांगेकडं वळली.

"प्रेमात येडं झालेलं माणूस. आपल्याकडं काय म्हणायचं?"

"शब्द कशाला हुडकायचा?" भागूबाई म्हणाल्या. "त्ये काय समोर बसलंय, दुधाचं फॅट मोजत."

सगळे हसले. जया हसली नाही. खडू हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. आता गप्प बसलो तर ती पुण्याला जाणार, हे मला कळत होतं. मी उठलो.

"मावशी खरं बोलली. अर्थाच्या जागी माझं नाव लिहा."

"नाव लिहायचं नसतं..." ती हळूच म्हणाली. "घ्यायचं असतं. उखाण्यात, चार लोकांसमोर."

"घेणार का?"

"पुण्याच्या माणसाचं तर नाही घेणार."

तिच्या वडिलांनी मला शिक्षण विचारलं. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "चालू आहे." आणि लग्नात तिनं माझं नाव असं ठणकावून घेतलं की मांडवाबाहेरचे आचारीसुद्धा बघायला आले.

आज आमच्याकडं पोरं कामचुकाराला फजेल म्हणतात. नव्या सुनांना वाटतं, हा इथलाच शब्द. इंग्रजांनी टाकून दिलेली भाषा माझ्या बायकोनं आमच्या गावात नांदवली. मला तिचा अभिमान आहे, आणि तो मी कुणालाही सांगतो.

दवाखान्यात तिनं शेवटचा शब्द दिला, 'रिस्पेअर'. आशा सुटल्यावर पुन्हा येते ती आशा.

"आपल्याकडचा एक शब्द शोधा याला," ती म्हणाली. "सगळ्यांना विचारा."

मी डेअरीवर रांगेत विचारलं. भागूबाईंनी 'पालवी' सुचवला, पण त्यांनाच तो पटला नाही. "झाडाचं ठीक हाय, मानसाचं काय?" म्हणाल्या. बाकीचे विचार करत घरी गेले.

शब्द अजून मिळालेला नाही.