छगनमामांच्या टँकरचा सहगुणक

टँकरच्या आधी ढाब्यापाशी कोण पोचतं, अशी पार्थनं पैज लावली आणि तिन्ही सायकली मिरजगावच्या रस्त्याला लागल्या. रश्मी तेव्हा सुट्टीत मामाकडे, जवळच्या वस्तीवर आली होती. आता ती पुण्यात शिकते, वस्तीवर नळही आलेत. तरी मे महिना लागला, की तिला तोच उन्हाळा आठवतो: तापलेली सडक, खिशातल्या कैऱ्या, मामेभाऊ पार्थ आणि त्याचा दोस्त सम्राट.

ढाब्यामागं सम्राट थबकला. सगळं रान करपलेलं, अन् तिथल्या चारीत गुडघाभर हिरवं गवत!

तेवढ्यात टँकर आला. टँकर चालवणाऱ्या छगनमामांनी (सगळी पोरं त्यांना मामाच म्हणायची) टाकीवर अडकवलेला पाईप खाली घेतला, हातपाय धुतले, कॉक फिरवून बंद केला, पाईप गवतात टाकला आणि ते जेवायला गेले. पाणी मात्र वाहतच राहिलं. पोरांनी जाऊन सांगितलं, तर ते हसले. "वायसर झिजलाय जरा. तेवढ्यानं काय व्हतंय?"

वस्तीवर मात्र पाण्यावरूनच रोज भांडण व्हायचं. टँकरमध्ये तीनशे बादल्या पाणी, हे सगळ्यांना पाठ. तरी ते कमी पडायचं, कधी थोडं, कधी फार. वरच्या आळीनं जास्त भरलं, असा दोष वाटप करणारे सहादेवकाका द्यायचे. शेवटच्या आळीतली सम्राटची आजी बनाबाई मग भर उन्हात लांबच्या विहिरीवर जायची.

पार्थनं ढाब्यावरून बादली आणून पाईपाखाली धरली. मिनिटाला दोन बादल्या भरल्या. जेवण झाल्यावर मामांनी पाईप परत वर अडकवला, तेव्हा कुठं धार थांबली. रश्मी मातीत काडीनं लिहू लागली. एक्सच्या आधी आकडा दिसला, की वर्गात ती बिचकायची. आज तिनंच लिहिलं, 2x.

"एक्स म्हणजे मामा थांबतात ती मिनिटं," ती हळूहळू म्हणाली. "ती रोज बदलतात, म्हणून चल. पण गळती मिनिटाला दोनच बादल्या. तो सहगुणक. तीनशेतून 2x गेले, की उरलं ते वस्तीचं."

वस्तीवर येऊन सांगितलं, तर सहादेवकाकांना हे पटेना. पोरांनी मोठ्यांच्या भानगडीत पडू नये, असं त्यांनी सुनावलं.

दुसऱ्या दिवशी पार्थ घड्याळ घेऊन ढाब्यावर बसला आणि टँकर हलताच जवळच्या पाऊलवाटेनं सायकल हाणत वस्तीवर आला. मामा वीस मिनिटं थांबले होते. टँकर यायच्या आत रश्मीनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "आज चाळीस बादल्या कमी भरतील."

सम्राट मोठ्यानं मोजत राहिला. दोनशे साठाव्या बादलीला धार तुटली. वरच्या आळीकडं बघायचं सहादेवकाकांना जड गेलं.

छगनमामा खाली मान घालून म्हणाले, "आजीला उन्हात जाताना रोज बघत हुतो मी. माझ्यामुळं हाय, हे ठावं नव्हतं." त्याच संध्याकाळी त्यांनी नवा वायसर बसवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रश्मीला भीतभीत विचारलं, "आता जेवायला थांबलो तर चालंल का गं?"

"कितीही थांबा मामा. सहगुणक शून्य झाला. शून्याला कशानंही गुणा, शून्यच."

सहादेवकाकांनी तिची पाठ थोपटली आणि त्या दिवशी वाटप शेवटच्या आळीपासून सुरू केलं. बनाबाईनं भरलेली बादली उंबऱ्यात ठेवली, तिघांना हाक मारून ओंजळी पुढं करायला लावल्या आणि आधी त्यांना पाणी पाजलं.