थंड प्लग

टू-स्ट्रोक गाडीचं दुखणं मी तिच्या मालकाला कधी विचारत नाही. मालक खोटं बोलतो. "मी चाळीसच्या वर नेतच नाही हो," असं सांगणाऱ्याचा प्लग काढावा, तर टोक पांढरंफटक, भाजून निघालेलं. पेट्रोलमध्ये तेल घालताना हात सैल सोडणाऱ्याचा प्लग काळा आणि चिकट. आणि पेट्रोल, तेल, हवा, चालवणाऱ्याची मूठ असं सगळं जमून आलं असेल, तर बिस्किटासारखा तपकिरी. चेहरा फसवतो, प्लग फसवत नाही. या एका गोष्टीवर माझं दुकान चालतं. संसारात काढून बघायला प्लग नसतो, ही माझी अडचण.

दुकान म्हणजे घरामागची पत्र्याची शेड. जुन्या गाड्यांचे शौकीन लांबून माझ्याकडे येतात. माझं काम चोख आहे, हे मीच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगत नाही. आसपास मला सगळे ओळखतात ते 'सुसाटच्या बायकोचा नवरा' म्हणून.

सुसाट हा माझ्या बायकोचा पहिला नवरा. घर त्याचं, शेडही त्याचीच. आयत्या बिळावर नागोबा, असं माझ्या पाठीमागे म्हणतात, आणि कधीकधी पाठ फिरण्याचीही वाट बघत नाहीत. त्याचं खरं नाव लोक विसरले, वेग विसरले नाहीत. कालव्याकाठच्या सरळ रस्त्यावर तो मूठ पूर्ण पिळायचा, भर वेगात क्लच दाबून इंजिन बंद करायचा, आणि गाडी घरंगळत थांबली की तिथेच प्लग काढून रंग बघायचा. पद्धत जुनी आहे आणि बरोबर आहे. वेग हळूहळू कमी केला तर त्या रेंगाळण्याचाच रंग प्लगवर चढतो. एका दुपारी त्याची गाडी तिथे उभी सापडली. प्लग काढून सीटवर ठेवलेला आणि तो कालव्यात. पाय घसरला असणार, असं सगळ्यांनी ठरवलं. त्याला पोहता येत होतं. त्याबद्दल कुणी काही ठरवलं नाही.

मेलेल्या माणसावर जळू नये, हे मला कळतं. पण जिवंत माणसाशी निदान भांडता तरी येतं. मेलेल्याला टक्कल पडत नाही, तो घोरत नाही, त्याच्या बनियनला भोकं पडत नाहीत. त्याला ती 'अरे' म्हणायची. मला 'अहो' म्हणते, जेवायला वेळेवर वाढते, आजारी पडलो तर उशाशी बसते. तक्रारीला जागाच ठेवत नाही. मी मात्र जळत होतो, रोज, अगदी मनापासून.

त्याची गाडी शेडच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभी असायची. मी तिला कधी हात लावला नव्हता. एका सकाळी बायकोच शेडमध्ये आली.

"अहो, ती गाडी चालू करून द्याल? विकून टाकू. चालत्या गाडीला बरं गिऱ्हाईक मिळेल."

मी हातातला पाना खाली ठेवला. "नक्की?"

"किती दिवस सांभाळायची नुसती," ती म्हणाली.

मला इतका आनंद झाला, की तो लपवायला मी उगाच खोकलो. गिऱ्हाईक मी दुपारपर्यंत ठरवूनही टाकलं. एक दातांचे डॉक्टर होते, जुन्या गाड्या जमवणारे. गाडी दारातून गेली की तिच्याबरोबर तोही जाईल आणि हे घर माझं होईल, असा माझा सरळ हिशेब होता.

टाकी धुतली, कार्बोरेटर उकलून साफ केला. प्लगच्या भोकात कापडाचा बोळा कोंबलेला होता. नवा प्लग शोधायला मी फळीकडे वळलो, तर बायको शिवणाचा डबा घेऊन उभी. बटणांच्या तळातून तिने मऊ चिंधीत गुंडाळलेला एक प्लग काढला.

"हा घाला. याच्यावर ती छान चालायची."

म्हणजे इतकी वर्षं हा बटणांत होता. माझ्या सदऱ्याचं बटण तुटलं की ती याच डब्यात हात घालायची. मी प्लग उजेडात धरला. काठापासून काठापर्यंत एकसारखा बिस्किटी. इतका सुरेख रंग मी आयुष्यात बघितलेला नाही. मेला, तोही रंग जमवून मेला! प्लग थंड जातीचा होता. थंड म्हणजे उष्णता झटकन बाहेर टाकणारा. इंजिनाला सतत पिळायचं असेल किंवा ओझं ओढायला लावायचं असेल, तेव्हा असा लावतात.

"एकट्याच्या गाडीला हा नको. काळा पडेल," मी म्हणालो.

खरं कारण वेगळं होतं आणि ते तिला कळलं असावं. तिने प्लग पुन्हा चिंधीत गुंडाळला.

मी माझ्या पसंतीचा प्लग लावला. लिटरला तीस मिली तेल, बाजारातलं साधं. गाडी पहिल्याच किकला सुरू झाली. धूर आला आणि धुराला एरंडेलाचा वास आला. शर्यतवाले पूर्वी एरंडेल घालायचे. गोडसर, जळकट, नाकात बसून राहणारा वास. सुसाटही तेच घालायचा. सायलेन्सरमध्ये जुनं तेल चिकटून राहिलं असेल, असं मी मनाशी म्हटलं.

बायको भांडी तशीच टाकून दारात आली. हातांवर साबणाचा फेस होता. तिने डोळे मिटले आणि खोल श्वास घेतला. माझी चाहूल लागून ती कधी अशी दारात आलेली नाही. मी इंजिन बंद केलं. सायलेन्सर उघडून आतून जाळला, खरवडला, धुतला. वास तसाच राहिला.

मग फेरी मारायला निघालो. बसलो तशी मागची स्प्रिंग दबली. जरा वेळाने ती पुन्हा एकदा दबली. जुनी आहे, मध्ये अडकत असेल, म्हणून तिला तेल सोडलं. गल्ल्यांमधून सायकलच्या वेगाने फिरून आलो आणि प्लग काढला. पांढरा. टोकावर बारीक फोड आलेले. हळू चालवलेल्या गाडीचा हा प्लग नव्हेच. कुठून हवा ओढत असेल म्हणून सगळी पॅकिंगं बदलली. पांढरा. पेट्रोल जास्त यावं म्हणून कार्बोरेटरचा जेट मोठा घातला. पांढरा. इंजिनाची तक्रार एकच होती आणि ती मला पहिल्या फेरीलाच वाचता आली होती. ओझं जास्त आहे, असं ते म्हणत होतं. पण मी अंगाने काडी आहे.

पेट्रोल भरायला गेलो, तर पंपावरचे काका मागच्या चाकाकडे बघत उभे राहिले.

"हवा भरून घ्या. डबलसीट जायचं तर एवढी पुरायची नाही."

"एकटाच आहे मी, काका."

काकांनी माझ्या मागे बघितलं. तेलाचं माप झटकलं. टाकीचं झाकण जरुरीपेक्षा जास्त घट्ट लावलं.

"बरं," ते म्हणाले. "तेल मात्र दोघांचं घाला."

घरी आलो तेव्हा बायको खिडकीशी काहीतरी शिवत होती.

"काय म्हणतोय प्लग?"

"पांढरा."

"मग तो घाला ना," ती मान वर न करता म्हणाली. चिंधी खिडकीतच ठेवलेली होती.

डॉक्टर त्याच संध्याकाळी येणार होते. अशी गाडी त्यांच्या गळ्यात मारली असती, तर चार दिवसांत पिस्टनला भोक पडून ती परत माझ्याच दारात आली असती. परत आलेला मला तो नको होता. म्हणून मी थंड प्लग लावला. तेल दोघांचं घातलं. मागच्या चाकात डबलसीटची हवा भरली. हे सगळं मी कुणासाठी करतोय, असं मी स्वतःला विचारलं नाही. इंजिन मागत होतं, मी दिलं. मेकॅनिकने एवढंच करायचं असतं.

खरा रंग बघायचा, तर कालव्याशिवाय सरळ रस्ता नव्हता. ऊन लख्ख होतं. पाणी काठोकाठ भरलेलं आणि हलत नव्हतं. रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी मूठ पिळली.

अशी गाडी मी कधी चालवलेली नाही. इंजिन एका सुरात, कुठेही न अडखळता ओढत होतं. डोळ्यांत पाणी आलं, ते नुसत्या वाऱ्याने नव्हतं. ती त्याच्यावर का भुलली, ते मला तेव्हा कळलं आणि मी आणखीच जळलो.

वळणाच्या अलीकडे क्लच दाबला आणि चावी फिरवली.

शांतता. चाकांची सरसर. साखळीची टकटक.

माझ्या मानेमागे कुणीतरी रोखून धरलेला श्वास सोडला.

प्लग मनासारखा निघाला की मीही असाच सोडतो.

मी मागे बघितलं नाही. गाडी थांबली. बाजूच्या स्टँडवर लावून उतरलो. स्प्रिंग निम्मी वर आली आणि तिथेच थांबली.

प्लग फडक्यात धरून काढला, कारण तो पोळणार. पोळला नाही. गार होता, पाण्यातून काढल्यासारखा. टोक बिस्किटी, काठापासून काठापर्यंत.

"बघ," मी म्हणालो. "मलाही जमतं."

पाण्याकडे पाठ करून मी प्लग परत बसवला. गाडी तिथेच टाकून पायी येता आलं असतं. पण ती विकली गेलेली मला बघायची होती. डोळ्यांदेखत.

घरी पोचलो, तर बायको आधीच दारात. केस विंचरलेले, पदर नीट घेतलेला.

"आलास?" ती म्हणाली.

मला ती असं कधी म्हणत नाही. तिची नजर माझ्या खांद्याच्या जरा वर होती. मग ती माझ्याकडे वळली. "डॉक्टर येतीलच. हातपाय धुऊन घ्या."

डॉक्टर आले. गाडीभोवती फिरले, आवाज ऐकून खूश झाले. "जादू आहे हो तुमच्या हातात!" असं बायकोसमोर म्हणाले, आणि मी तिच्याकडे बघितलं. ती तिथे नव्हती. आत गेली होती.

डॉक्टर गाडीवर बसले. माणूस चांगला जाडजूड. स्प्रिंग दबली.

मी वाट बघितली. ती पुन्हा दबली नाही.

गल्लीतल्या खड्ड्यांवरून मागचं चाक हलकं उडत गेलं, एकट्याच्या गाडीचं उडतं तसं. मागे राहिलेल्या धुराला साध्या तेलाचा वास होता. आवाज वळणापलीकडे विरून गेला आणि मी आत जायला वळलो.

बायको दिवाणखान्यात आली होती. मधली जागा सोडून ती सोफ्याच्या एका कडेला बसली. सोफा जुना आहे, माझ्या आधीपासूनचा. त्याची स्प्रिंग कुरकुरली.

जरा वेळाने ती पुन्हा एकदा कुरकुरली.

मी अजून दारातच उभा होतो.