सज्जातला बारावा

कांशाच्या बाबतीत आपल्याला शहाणपण शिकवणारा अजून जन्माला यायचाय, असं दादांचं ठाम मत होतं. पस्तीस वर्षं त्यांनी ओतशाळेत काढली होती आणि उजव्या हाताच्या तर्जनीचं एक पेर तिथेच ठेवून आले होते. निवृत्तीनंतर त्यांचा जीव जडला तो घरी आणलेल्या एका कांशाच्या पदकावर. रोमन साम्राज्याच्या उतरत्या काळातलं, कडेला खोल चर असलेलं, रथांच्या कुठल्याशा शर्यतीची आठवण म्हणून काढलेलं. खाली चौखूर उधळलेले चार घोडे, वर सज्जात अकरा प्रेक्षक.

पदकाला बोट लावायचं नाही, अभ्यास ठशावर करायचा, हा त्यांचा नेम. दरवर्षी ते मेणाचा साचा घेत, त्यात प्लॅस्टर ओतत, मागे तारीख घालत आणि ठसा कपाटात ठेवून देत. जुन्या ठशांशी ताडून पाहायचं त्यांच्या कधी मनातही आलं नाही. कांसं थोडंच बदलतंय!

एका सकाळी संग्रहालयातल्या बाईंचा फोन आला. दादांचं या पदकावरचं पुस्तक त्याच काढत होत्या.

"दादा, आज पुस्तक छपाईला जातंय. तुम्ही अकरा प्रेक्षक लिहिलेत, पण परवा तुमच्या घरी येऊन काढलेल्या पदकाच्या फोटोत बारा दिसतात. काय छापू?"

दादांना ते भलतंच झोंबलं. पहिल्याच पुस्तकात चूक निघाली, तर आयुष्यभराच्या नावाला बट्टा लागणार. त्यांनी कपाटातले एकवीस ठसे टेबलावर मांडले आणि भिंग डोळ्याला लावलं. एकूण एक ठशावर अकरा.

पदकावर बारा.

त्यांनी लगेच नवा ठसा ओतला. त्यावरही बारा.

बारावा अगदी टोकाला बसला होता. त्याचं शर्यतीकडे लक्ष नव्हतं, तो सरळ समोर बघत होता. डोळ्याला काहीतरी गोल लावलेलं. ते धरलेल्या हाताची तर्जनी आखूड होती.

दादा घाबरले नाहीत. उलट त्यांची छाती फुगली. इतक्या शतकांत या पदकाकडे एवढं डोळे लावून दुसरं कोण बसलं होतं? हा मान त्यांच्या हक्काचाच होता.

"बारा छापा," त्यांनी बाईंना कळवलं. "माझी मोजणी चुकत नाही."

"अहो, बघू तरी काय एवढं कौतुक," म्हणत बायको त्यांना खेटून बसली. तिचा चष्मा आत राहिला होता. कोमट ठशावर बोट फिरवत ती मोजू लागली.

"तेरा आहेत की."

"बाराच. आत्ता मोजलेत मी."

"आणि ही टोकाची बाई? शेवटच्या माणसाचा दंड धरून बसलीय ती?"

दादांनी भिंग उचललं नाही.

बायकोचा दुसरा हात त्यांच्या दंडावर होता.