चढवलेला बर्फ

रुचिता दिवसभर जे करायची त्याला सातपाटीत काम म्हणत, आणि संध्याकाळी घरी येऊन जे करायची त्याला खूळ. काम म्हणजे बोईसरच्या एका कारखान्यात बिघडलेली विजेची पॅनेलं दुरुस्त करणं. खूळ म्हणजे बारा वर्षांचा जुना डेस्कटॉप. त्याचा प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू म्हणा, बनवणाऱ्याने घालून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचा, हा तिचा छंद. म्हाताऱ्या बैलाला शर्यतीत उतरवावं तसाच प्रकार. जास्त पळवला की तापतो, तापला की मशीन निळा पडदा दाखवून बंद पडतं, मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. असा छंद असणारे जगभर आहेत. त्यांच्या इंटरनेटवरच्या यादीत या मॉडेलपुरती रुचिता तिसरी होती, आणि तिसरं राहणं तिच्या स्वभावात बसत नव्हतं.

प्रोसेसर गार ठेवण्यासाठी तिने तांब्याचा एक गडू दोन महिने कानशीने घासून बुडाशी सपाट केला आणि प्रोसेसरवर स्क्रूने आवळला. बाष्पाचं पाणी आत जाऊ नये म्हणून बोर्डावर व्हॅसलीनचा थर दिला. ते बघून तिची आई गोदूबाई म्हणाली होती, "एवढं चोपडून लग्नाला धाडतेस का काय त्याला?" गडूत बर्फ आणि खडं मीठ घालायचं. बर्फात मीठ घातलं की तो आणखी गार होतो हे मासेवाल्यांच्या घरात कुणी शिकवावं लागत नाही.

बर्फ बुधवारी बोटीवरून आला. तिचे वडील वामन चार खलाशांना घेऊन निघायच्या तयारीत होते. बोटीच्या खणात चुरा केलेला स्वच्छ बर्फ भरून झाला होता, आणि रुचिताने त्यातला दोन घमेली काढून थर्माकोलच्या पेटीत भरला.

"चढवलेला बरफ उतरवू नये, रुचे," गोदूबाई म्हणाली. "बोटीच्या नावाचा झाला तो."

"बर्फाला काय नाव असतं, आई?"

"ते मला नाय ठावं. आमी कदी उतरवला नाय."

वामन हसले. "घेऊ दे गं. पोरीचं डबडं तापलंय." आणि बोट गेली.

शनिवारी सकाळी दहा वाजता इशारा आला. समुद्रातलं वादळ उत्तरेकडे वळलं होतं आणि सगळ्या बोटींना परत बोलावलं होतं. बाकीच्या बोटी जवळच होत्या. वामनची बोट सेहेचाळीस मैलांवर. जाळी ओढून ते निघाले तेव्हा साडेदहा झाले होते. बोट ताशी सात मैल चालते, म्हणजे पोचायला संध्याकाळचे पाच वाजणार. वारा चार वाजता अपेक्षित होता, आणि खाडीच्या तोंडाशी बोट आत घ्यायला पुरेसं पाणीही तोवरच राहणार होतं. हा हिशोब रुचिताने तीनदा केला. तिन्ही वेळा तोच आला.

मोबाईलवर बोटीचा ठिपका दिसत होता. त्याच्याकडे नुसतं बघत बसवेना, हाताला काहीतरी चाळा हवा होता, म्हणून ती डेस्कटॉपपुढे बसली. पेटीचं झाकण काढलं. तीन दिवस झाले होते, ऑक्टोबरचं ऊन घामटं काढत होतं, आणि बर्फ जसा भरला तसा होता. कडासुद्धा बोथट झाल्या नव्हत्या. पेटीच्या तळाशी पाण्याचा थेंब नव्हता. पेटी चांगली निघाली, असं तिने स्वतःला सांगितलं.

गडूत बर्फ आणि मीठ पडलं. स्क्रीनवर तापमान उतरलं ते उणे एकतीसवर जाऊन थांबलं. बर्फ-मीठ उणे एकवीसच्या खाली जात नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. सेन्सर जुना झालाय, असं तिने वहीत लिहिलं आणि वेग वाढवला. चार पॉइंट चार गिगाहर्ट्झ. चार पॉइंट सहा. खोलीत ओल्या जाळ्याचा वास यायला लागला. जाळी तर सगळी बोटीवर होती.

फोन वाजला. मच्छीमार सोसायटीच्या वायरलेसवर बसणारा मनीष होता.

"रुचिताताई, वामनकाकांनी इंजिन बदललं काय? दहा मिनिटांत सहा मैल आले."

"काहीतरी काय!"

"बघ ना मोबाईलवर. आन् वायरलेसवर आवाज पन कसा येतोय... बारीक. घाईघाईत बोलल्यासारका."

तिने पाहिलं. ठिपका चाळीसच्या आत आला होता. त्याच क्षणी मशीनने निळा पडदा दाखवला आणि बंद पडलं. ठिपका सेहेचाळीसवर जाऊन बसला.

"जीपीएस गंडलंय," मनीष म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

रुचिताचा विश्वास मोजमापावर. तिने मशीन पुन्हा सुरू केलं. वेग मूळ ठेवला तेव्हा ठिपका बोटीच्या नेहमीच्या चालीने रांगला. वेग चढवला, ठिपका पळाला. उतरवला, रांगला. तीनदा करून पाहिलं. गडू रिकामा करून फ्रीजमधला बर्फ घातला, तेव्हा वेग कितीही चढवला तरी ठिपक्याला फरक पडला नाही. बोटीचा बर्फ परत घातला, आणि ठिपका पळाला. चौथ्यांदा तपासायची तिची हिंमत झाली नाही. ती घाबरली होती, आणि त्याहून वाईट म्हणजे तिला आशा वाटायला लागली होती.

तिने गोदूबाईला सगळं सांगितलं. कसं, का, असं काहीच गोदूबाईने विचारलं नाही. पदर खोचून ती पेटीपाशी बसली.

"मग पळव," ती म्हणाली.

खरी अडचण आता सुरू झाली. कमी वेगाने मशीन टिकत होतं, पण बोट वेळेत येत नव्हती. जास्त वेगाने बोट येत होती, पण मशीन मध्येच मान टाकत होतं, आणि टाकली की ठिपका पुन्हा सेहेचाळीसवर. चार पॉइंट नऊला बोट अकरा मैलांवर आली आणि सगळं बंद पडलं. पाच पॉइंट एकला चार मैलांवर. पाचला तर थेट खाडीच्या तोंडाशी. प्रत्येक वेळी ती वहीत एक रेघ मारायची, व्होल्टेज इतकुसं बदलायची आणि नव्याने सुरू करायची. गोदूबाई मुठीमुठीने बर्फ टाकत होती. पेटीत न वितळणारा बर्फ गडूत गेला की मात्र वितळत होता. पेटी अर्धी झाली.

अडीच वाजता पत्रे वाजायला लागले. शेजारच्या बायका वाळत घातलेले बोंबील ओढून काढत होत्या, त्यांची आरडाओरड ऐकू येत होती.

मनीषचा पुन्हा फोन आला. या वेळी तो हळू बोलत होता.

"ताई, काका भ्रमल्यासारके बोलतायत."

"काय म्हणतायत?"

"म्हनतात, धक्का दिसला होता. मानसं पन दिसली. आन् आमी परत हितंच हाय."

रुचिताने फोन उलटा ठेवला. वहीत तेव्हा एकोणीस रेघा होत्या. आपण काय करतोय ते तिला कळलं. पण थांबायचं म्हणजे त्यांना चार वाजताच्या वाऱ्यात सोडून द्यायचं. तिने विसावी रेघ मारली.

तीन वाजेपर्यंत तेवीस रेघा झाल्या.

चोविसाव्या वेळी तिने वेग चार पॉइंट आठ पाचवर आणला, व्होल्टेज केसभर वाढवलं, आणि स्क्रीनवरची नजर हटवली नाही.

टिकलं. वीस मैल. बारा.

पाच मैल.

ठिपका खाडीत शिरला.

"आई, मूठमूठ टाकत राहा. मी सांगेपर्यंत उठू नकोस. काही झालं तरी उठू नकोस."

"जा तू," गोदूबाई म्हणाली. तिची बोटं लालभडक झाली होती.

रुचिता अनवाणी धावली. धक्क्यावर वाऱ्याने उभं राहवत नव्हतं. बोट आली होती. खरीखुरी, लाकडाची, पुढचा झेंडा फाटलेला. तिला रडू फुटलं.

एरवी बोट टेकायच्या आधी खलाशी उड्या मारतात. आज चौघंही आपापल्या जागी उभे होते. वामन दोरी हातात धरून पुढे उभे होते. त्यांनी दोरी धक्क्याकडे टाकली नाही.

"आबा, उतरा ना!"

"थांब. जरा थांब, पोरी."

"कशाला? वारा बघा कसा सुटलाय!"

"हितवर येतो आमी," वामन म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखा होता, फक्त दमलेला. "दर टायमाला हितवर येतो. तू हात देतेस. मग..."

तिने वाकून हात पुढे केला. त्यांनी बराच वेळ त्या हाताकडे पाहिलं आणि मग धरला. हात ऊबदार होता, खरखरीत होता, मिठाने माखलेला होता. त्यांचा एक पाय धक्क्याच्या दगडावर आला.

"तेवीस वेळा, आबा," ती हुंदके देत म्हणाली. "माझ्यामुळं. तेवीस वेळा."

वामननी मान हलवली. "शंभरच्या पुढं आमी मोजलं नाय."

तिने दुसराही हात त्यांच्या मनगटाभोवती आवळला. अजून एक पाय. फक्त एक पाय.

"आले का गं?"

आवाज मागून आला. रुचिताने वळून पाहिलं. धक्क्याच्या टोकाला गोदूबाई उभी होती. पदर ओला होता, हात रिकामे.

"आई, तुला उठू नको म्हटलं होतं."

"काय करू बसून," गोदूबाई म्हणाली. "बरफ संपला."

वामननी हे ऐकलं. त्यांनी डोळे मिटून घेतले, आणि रुचिताच्या हातातली त्यांची पकड सैल झाली.

त्यांच्या मागे चारही खलाशी, कोणी न सांगता, वळले. एक इंजिनापाशी गेला. एक सुकाणूपाशी. उरलेल्या दोघांनी जाळ्याची कड उचलली.