चौथा सूर जरा उशिरा

कॉम्प्युटर-दुरुस्तीच्या दुकानात दोनच खुर्च्या होत्या आणि दोन्हींचा एकेक पाय डुगडुगत होता. एका खुर्चीवर ती बसली होती. तापाचं मूल दवाखान्यात आणावं तसा बंद पडलेला कॉम्प्युटर तिने मांडीवर धरला होता. दुसऱ्या खुर्चीवर एक तरुण होता. त्याचा प्रिंटर आत गेला होता आणि तो काउंटरवर बोट वाजवत बसला होता.

टक टक टक… टक.

तिने मान वळवली.

टक टक टक… टक. चौथा ठोका केसभर उशिरा पडत होता. आत जावं की न जावं म्हणून उंबऱ्यावर पाय घुटमळावा, तसा.

"ऐका ना," ती म्हणाली, "हे तुम्ही कुठून घेतलंत?"

"काय?"

"हे… वाजवताय ते."

त्याने आपल्या बोटाकडे पाहिलं. "जन्मापासून आहे."

"बोट नाही हो! चौथा ठोका उशिरा पडतोय ना, तो उशीर. तो माझा आहे."

"उशिरावर मालकी असते?" त्याने भुवई उंचावली. "मग आमच्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांवर तुम्ही दावा लावू शकता."

आतून दुरुस्तीवाल्याचा आवाज आला, "मॅडम, इथे बसलं की सगळेच बोटं वाजवतात. यांचाच तेवढा ताल चुकतो."

ती हसली नाही. तिच्या उपजीविकेचा प्रश्न होता.

तिची उपजीविका अशी, की शहरातल्या बहुतेक लोकांनी तिचं संगीत ऐकलं होतं आणि त्यातला प्रत्येकजण ते कधी थांबतंय याची वाट बघत होता. बँकेत किंवा विम्याच्या कचेरीत फोन लावला की एक गोड आवाजाची बाई सांगते, तुमचा फोन आमच्यासाठी फार महत्त्वाचा आहे. हे सांगून ती आपल्याला विसरून जाते. त्या विसरण्याच्या मागे जे वाजत राहतं, ते ही मुलगी घरी बसून करत असे. आई शेजारणींना सांगायची, "मुलगी टेलिफोनमध्ये असते." हे खोटं नव्हतं.

खोलीत एका बाजूला कपाट, दुसऱ्या बाजूला आईचं शिलाई मशीन आणि मधल्या फटीत कॉम्प्युटर. त्यावर सिक्वेन्सर. पडद्यावर गणिताच्या वहीसारख्या चौकटी असतात, त्यात सुरांच्या रंगीत विटा रचायच्या. कॉम्प्युटर त्या वाजवतो, अगदी वेळेवर. आणि तिथेच पंचाईत होते. नेहमी वेळेवर येणाऱ्या माणसाचं लोक कौतुक करतात, पण त्याच्या वाटेकडे डोळे लावून कुणी बसत नाही. सुरांचंही तसंच. म्हणून लोक मूळ सॉफ्टवेअरला जोडायची छोटी छोटी प्लगइन्स बनवतात. एखादं सुरांना घुमारा देतं, एखादं त्यांना शिस्तीत रांगेला लावतं.

"सगळं हीच करतात, मग ते मोठं सॉफ्टवेअर काय करतं?" आईने एकदा विचारलं होतं.

"ते सगळं चालवतं, आई."

"म्हणजे तुझ्या बाबांसारखं," म्हणून आई पुन्हा शिवायला लागली होती.

या प्लगइन्समध्ये तिचं लाडकं होतं 'चूकभूल'. कुणा हौशी माणसाने बनवून फुकट ठेवलेलं. सरळसोट चाल त्यातून काढली की सूर किंचित मागेपुढे सरकायचे आणि चाल श्वास घ्यायला लागायची. कितीही चाली काढा, चौथा सूर जरा उशिरा. त्या एवढ्याशा उशिरात तिला नेहमी वाटे… कुणीतरी आहे. पडद्याच्या पलीकडे, काहीतरी बोलू पाहणारं.

दुरुस्तीवाल्याने कॉम्प्युटर आत नेल्यावर हे सगळं तिने काउंटरपाशी सांगितलं, शेवटचं वाक्य सोडून.

"चूकभूल," तो सावकाश म्हणाला. त्याचं बोट थांबलं होतं.

"हो. तुम्हाला माहितीये? वेबसाइटवर फोटोच्या जागी बेडूक काढलाय बघा."

"कासव आहे ते."

"बेडूकच आहे."

"कासव आहे," तो म्हणाला. कान लाल झाले होते. "मी काढलंय."

दुरुस्तीवाल्याने आतून स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवल्याचं ऐकू आलं. असे प्रसंग दुकानात रोज येत नाहीत.

ती त्याच्याकडे बघत राहिली. ज्याच्या उशिराबरोबर इतके दिवस काढले, त्याला कोपराजवळ शाईचा डाग आहे आणि हसताना त्याचा एकच गाल हसतो, हे तिला आत्ता कळत होतं. दारातून तिरपं ऊन आत आलं होतं. त्यात धुळीचे कण इतके निवांत तरंगत होते, की जणू त्यांना कुठे वेळेवर पोचायचंच नव्हतं.

"डिस्क गेली, मॅडम," दुरुस्तीवाला बाहेर येऊन म्हणाला. "नवी टाकतो. पण आतलं सगळं गेलं."

"प्लगइनची काळजी करू नका," तो घाईघाईने म्हणाला. "दुसरी आवृत्ती केलीये. पहिलीत दोष होता. ही एकदम निर्दोष आहे."

दोष गेला की काय काय जातं, हे इंजिनियर लोकांना लग्न झाल्यावर कळतं. त्याचं झालं नव्हतं.

*

आता तिची निकड सांगायला हवी. तिच्या कंपनीच्या मालकांनी, थांबण्याचं संगीत विकता विकता, चुकून एक वेगळं काम घेतलं होतं. शहरात नवं तारांगण झालं होतं. मुलं अंधारात मान मागे टाकून घुमटावरचे तारे बघणार, तेव्हा वाजायला एक चाल हवी होती.

"आवडली तर ठीक, नाहीतर आपलं नेहमीचं आहेच," मालक म्हणाले होते. "सोमवारपर्यंत द्या."

म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा लोक तिचं संगीत बसून ऐकणार होते. कुणी फोन उचलायच्या आधीचं नव्हे, मुद्दाम ऐकायचं. आणि चाल जुन्या डिस्कबरोबर गेली होती. सूर पाठ होते, ते तिने पुन्हा रचले. मग निर्दोष दुसरी आवृत्ती लावली, ऐकली आणि त्याला फोन केला.

"तुमचं नवं कासव दारू प्यायलंय."

"काय झालं?"

"कुठेही अडखळतं. पहिलं एका जागी अडखळायचं… तिथे काहीतरी आहे असं वाटायचं. हे कुठेही अडखळतं, म्हणजे कुठेच काही नाही."

"पण गणिताने ते बरोबर आहे," तो म्हणाला. "प्रत्येक चूक वेगळी, कुठली कधी येईल सांगता येत नाही. खऱ्या माणसासारखी."

"माणसं रोज नव्या चुका करत नाहीत हो. तीच तीच करतात. मला जुनं द्या."

"जुनं पुसून टाकलं."

"का?"

"एका गृहस्थांनी सगळ्यांसमोर लिहिलं, की ह्यात गणितच नाहीये, ही लबाडी आहे. आणि… नव्हतंच गणित. मला तेव्हा जमत नव्हतं. मी एकदा माझंच बोट टेबलावर वाजवून ते मोजून घेतलं आणि तेच सगळीकडे छापलं."

म्हणजे विमा, बँक, दवाखाना, सगळीकडे इतके दिवस ह्याचंच बोट वाजत होतं. आणि दुपारी एकटीने काम करताना जे कुणीतरी आहे असं वाटे… ते खरंच कुणीतरी होतं.

"मग घरी या," ती म्हणाली. "बोट घेऊन."

*

तो शुक्रवारी दुपारी आला. आईने चहा देताना त्याला आपादमस्तक पाहिलं. "काय करता तुम्ही?"

"प्रिंटरच्या कंपनीत आहे, काकू. आणि फावल्या वेळात चुका बनवतो."

"अरे वा. आमच्याकडे त्या आपोआप होतात," आई म्हणाली आणि शेजारच्या खोलीत गेली. दार मात्र उघडं ठेवून.

तिने टेबलावर माइक ठेवला. "वाजवा."

टक टक टक टक. ऑफिसातल्या पंच-मशिनइतकं वेळेवर.

"उशीर करा ना."

टक टक टक… … टक.

"हा नाटकी झाला."

त्याने पुन्हा वाजवलं. पुन्हा. बोट कधी फार शहाणं व्हायचं, कधी फार वेडं. ठरवून चुकता येत नाही, हे त्याला चौथ्या कपाच्या सुमारास पटलं. खिडकीचा पडदा फुगत होता, बसत होता. सोमवार आजपासून फार लांब नव्हता.

"सांगू का," तो हताशपणे म्हणाला, "तुमची चाल अशीच द्या. सरळ. चांगली आहे."

"'चूकभूल' मिळाल्यापासून सरळ चाल मी लोकांना थांबवायलासुद्धा दिली नाही. ही तर नाहीच द्यायची." तिचा आवाज बारीक झाला. "त्या अंधारात एखाद्या पोराला तरी वाटायला हवं ना, की वरून कुणीतरी काहीतरी म्हणतंय… पहिल्यांदा वाजवलंत तेव्हा काय करत होतात? आठवा."

"काही नाही. फोनवर थांबलो होतो. पाणीपुरवठ्याच्या कचेरीला लावला होता. नळाला पाणी नव्हतं." तो आठवत हसला, एका गालाने. "इतकी भिकार चाल लावली होती त्यांनी! टिंग टिंग टिंग, आणि मग मध्येच बारीकसा 'टक' आवाज यायचा. वाटायचं, उचलला! मी हॅलो म्हणायचो. कुणी नाही. मग पुढचा टिंग. बोट तिथे आपोआप थबकायचं."

तिने टेबलावरचा कप उगीच सरळ केला.

"काय झालं?"

"ती भिकार चाल माझी आहे."

"…अं?"

"पहिली चाल. तेव्हा मला तुकडे नीट जोडता येत नव्हते. तीन सुरांनंतर पुढचा तुकडा लागायचा ना, त्या सांध्यात टक व्हायचं, चौथ्या सुराच्या जरासं आधी. मालकांकडे तक्रारी आल्या, लोक म्हणे नुसत्या सांध्याशीच हॅलो हॅलो करतात. मी नंतर दुरुस्त केलं. पण पाणीपुरवठ्याने नवं घेतलंच नाही. त्यांच्याकडे अजून तेच आहे."

तो बघत राहिला. तिची चूक त्याच्या बोटात गेली होती आणि त्याच्या बोटातून तिच्या प्रत्येक चालीत परत आली होती. दोघं इतके दिवस एकमेकांची चूक सांभाळत बसले होते, आणि ओळख नव्हती.

"भिकार म्हणालो ते…"

"आता मागे घेऊ नका. खरं होतं." तिने फोन उचलून नंबर लावला. "तुमच्या नळाला पाणी आहे का?"

"आहे."

"तरी तक्रार करा."

गोड बाईने सांगितलं की त्याचा फोन फार महत्त्वाचा आहे, आणि गेली. मग ती चाल सुरू झाली. फोन त्याच्या कानाला होता आणि माइकला चाल ऐकू जाऊ नये म्हणून आवाज अगदी बारीक होता. तिला ऐकायचं तर जवळ यावं लागलं. आणखी जवळ. एका फोनला दोन कान. त्याच्या शर्टाला इस्त्रीचा आणि किंचित शाईचा वास होता.

टिंग टिंग टिंग… टक… टिंग.

त्याचं बोट चालायला लागलं. एक, दोन, तीन, आणि सांध्याचा तो बारीक आवाज आला. आता त्याला ठाऊक होतं की तो नुसता सांधा आहे, तिकडे कुणी नाही. तरी बोट थबकलं. आशेला कितीही समजावलं तरी ती एकदा कान टवकारतेच. मग उशिरा, केसभर उशिरा, ते टेबलावर टेकलं.

पडद्यावर ठोक्यांची बारीक शिखरं उमटत होती. तीन रांगेत, चौथं जरा दूर. तिने ओळखलं. हेच ते.

हीच चाल पुढे तारांगणात लागली. मालकांनी ऐकून "जरा अडखळतेय का?" असं विचारलं, आणि ती शांतपणे म्हणाली, "हो, तेवढ्याचेच पैसे आहेत." पहिल्या खेळाला पुढच्या रांगेतली एक चिमुरडी घुमटाकडे हात हलवत होती म्हणे. पण ते नंतरचं.

आत्ता ठोके पुरेसे झाले होते. तिने रेकॉर्डिंग थांबवलं. तरी त्याने फोन खाली ठेवला नाही आणि ती दूर सरकली नाही. शेजारच्या खोलीतलं शिलाई मशीनही बऱ्याच वेळापासून बंद होतं.

टिंग टिंग टिंग… टक…

"हॅलो," तो हळूच म्हणाला. फोनमध्ये नाही. फोन कानाला तसाच होता, नजर तिच्याकडे.

"बोला," ती म्हणाली.

"बोला नको…"

तिने खिडकीकडे पाहिलं. पडदा फुगला, थबकला… आणि मग, जरा उशिराच, खाली बसला.

"बोल," ती म्हणाली. "ऐकतेय."

तो बोलणार, एवढ्यात त्या फोनमध्ये खरंच खडखड झाली, आणि कित्येक वर्षांत कुणी न ऐकलेला पाणीपुरवठ्याचा माणूस जांभई आवरत म्हणाला,

"हां, बोला. काय तक्रार आहे?"

दोघंही दचकली. त्याने फोनकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ती ओठ दाबून हसू आवरत होती आणि तिचा कान अजून तिथेच होता.

"नाही," तो म्हणाला. "काहीच तक्रार नाही."