आठ रकाने

दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर एक लांबट खोली होती. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी तिथल्या टेबलाभोवती समिती बसायची आणि बाळंतपणात दगावलेल्या बायकांचे कागद वाचायची. पद्धत अशी, की कागदांवरची सगळी नावं आधी पांढऱ्या पट्ट्या चिकटवून झाकायची. बाईचं नाव, डॉक्टरचं, नर्सचं, कुणाचंच दिसता कामा नये. आपण चूक शोधतो, माणूस नाही, असं अध्यक्ष असलेल्या मोठ्या डॉक्टरबाई म्हणायच्या. सगळं वाचून झालं की एकच शेरा लिहायचा: मृत्यू टाळता आला असता, किंवा नसता.

पट्ट्या चिकटवायचं काम थोरलीचं. वीस वर्षं वॉर्डात धावून गुडघ्यांनी हात टेकले, तेव्हा तिला इथे बसवलं होतं. तिची सख्खी बहीण खाली प्रसूती वॉर्डात नर्स होती, म्हणून सगळा दवाखाना दोघींना थोरली आणि धाकटी म्हणायचा. आई लहानपणीच गेलेली. धाकटीच्या वेण्या थोरलीनेच घातल्या, तिला शिकवलं आणि हाताला धरून या कामात आणलंही तिनेच.

या महिन्यात एकाच बाईचे कागद होते. तिसरं मूल, दुपारी सव्वा वाजता सुखरूप प्रसूती, तीन चाळीसला मृत्यू. बाळंतिणीला पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी तपासायचं असतं, रक्तस्राव सुरू झाला तर वेळीच कळावा म्हणून. त्यासाठी आठ रकान्यांचा तक्ता असतो, प्रत्येक रकान्यात रक्तदाब, नाडी आणि खाली सही. या तक्त्यात आठही रकाने सारखेच होते. रक्तदाब एकशे दहा-सत्तर, नाडी ऐंशी. शेवटचा सव्वातीनचा. म्हणजे पुढच्या पंचवीस मिनिटांत होत्याचं नव्हतं झालं होतं.

आठही सह्या धाकटीच्या होत्या.

"प्रत्येक वेळी स्वतः बघितलंस ना गं?" थोरलीने विचारलं.

"तुझी शपथ, ताई." धाकटीला नववा लागला होता. पोटावर हात ठेवून ती हसली. "तुझ्या हाताखाली शिकलेय मी. अचानकच गेली बिचारी."

थोरलीचा जीव भांड्यात पडला. तिने निवांतपणे पट्ट्या चिकटवल्या.

समितीपुढे कागद जाण्याआधी घरी जाऊन घरच्यांशी बोलायचं असतं. तेही काम थोरलीचंच. गेलेल्या बाईची आई दारातच बाळाला थोपटत बसली होती. आत दोरीवर लंगोट वाळत होते.

"पोरगी म्हणत होती, आई, पाठ ओली झालीय," म्हातारीने सांगितलं. "थंडी वाजतेय म्हणाली. मी तीनदा गेले हो बाई, नर्सला बोलवायला. दोन बायका अडल्या होत्या तिच्याकडे. म्हणाली, आत्ताच तर बघितलंय, कागदावर सगळं नीट आहे." बाळ कुरकुरलं, तसं तिने त्याला खांद्यावर घेतलं. "मला तुम्ही तरी खरं सांगाल ना?"

"शब्द देते, मावशी," थोरली म्हणाली.

परत येऊन तिने तक्ता काढला. तिसऱ्या रकान्यात शंभर-साठ होतं. नाडी एकशे चार.

तिने चष्मा पुसला. तीच निळी शाई, तेच धाकटीचं तिरकं अक्षर. खाडाखोड नव्हती. झेरॉक्स काढून ठेवली होती, तिच्यातही शंभर-साठच. कागद हाताला किंचित दमट लागत होता.

दुसऱ्या दिवशी चौथा रकाना नव्वद-साठ झाला होता. पाचवा ऐंशी-पन्नास, नाडी एकशे तीस.

तिने शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाला तक्ता दाखवला. "एकशे दहा-सत्तर," त्याने घडाघडा वाचलं. "आठही वेळा. बाई, तुमच्या चष्म्याचा नंबर वाढलाय. आता डोळेसुद्धा पेन्शनीत काढा."

तिला हसू आलं नाही. ती जिने उतरून थेट वॉर्डाच्या कपडे बदलायच्या खोलीत गेली. धाकटी बाकावर पाय वर घेऊन बसली होती.

"किती वाजता भरलास तो तक्ता?"

धाकटीने पाय खाली घेतले. मग तिचा बांध फुटला. "दीडलाच. सगळे रकाने एकदम. काय करू? दोघी अडलेल्या, मी एकटी! वाटलं, जाता-येता बघीन."

"माझी शपथ घेतलीस तू."

"आणि तू काय शिकवलं होतंस?" धाकटीने डोळे पुसले. "नोकरीचा पहिला महिना होता माझा. वॉर्डात चौदा बायका. तूच म्हणालीस, आकडे आधी भरून ठेव, मग हात मोकळे राहतात. विसरलीस?"

थोरली विसरली नव्हती. केसाने गळा कापला गेला होता, आणि कापायला शिकवलं होतं तिनेच.

"पुढच्या महिन्यात बाळ होईल मला, ताई. आत्ता हे बाहेर काढू नकोस."

मंगळवारी कागद वाटले गेले. सगळ्यांनी चाळले.

"अचानक घडलेलं दिसतंय," मोठ्या डॉक्टरबाई म्हणाल्या. "घरच्यांकडून काही कळलं, सिस्टर?"

थोरलीने समोरचा तक्ता बघितला. आता आठही रकाने बदलले होते. शेवटच्यात रक्तदाबाची जागा कोरी होती. नाडीपुढे लिहिलं होतं, लागत नाही.

कागदाची खालची कड ओली होती.

"नाही," ती म्हणाली.

शेरा लिहिला गेला: टाळता आला नसता.

म्हातारी खाली बाकावर वाट बघत होती. "अचानकच झालं, मावशी," थोरलीने सांगितलं. म्हातारी तिच्या तोंडाकडे बघत राहिली. "बरं," एवढंच म्हणाली आणि बाळाला घेऊन निघून गेली.

तीन आठवड्यांनी धाकटी बाळंत झाली. त्याच वॉर्डात, दुपारी सव्वा वाजता. मुलगी झाली. थोरली धावतपळत पोचली तेव्हा घड्याळात दोनला पाच कमी होते.

"सगळं छान आहे," ड्यूटीवरची नर्स जाता जाता म्हणाली. दुसऱ्या टोकाला कुणीतरी कळांनी ओरडत होतं. ती तिकडे पळाली.

धाकटी डोळे मिटून पडली होती. थोरलीने खाटेच्या पायथ्याचा तक्ता उचलला.

आठही रकाने भरलेले होते.

एकशे दहा-सत्तर. ऐंशी. एकशे दहा-सत्तर. ऐंशी. थेट सव्वातीनपर्यंत.

ती आकडे बदलायची वाट बघत राहिली. ते बदलले नाहीत.

मग तिने खालच्या सह्या बघितल्या. आठही थोरलीच्या स्वतःच्याच होत्या. शेवटच्या सहीची शाई अजून ओली होती.

"ताई," धाकटी डोळे न उघडता म्हणाली, "चादर बदलायला सांग ना. पाठ ओली झालीय."